फळ्यावरील एक शब्द

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही आयुष्यभर हाती खडू धरला. त्याच खडूने आमच्या हातून घडलेला एक प्रमाद आज आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

सन २०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली. पोटासाठी पुण्या-मुंबईस गेलेली आमच्या पेडगावची माणसे परतू लागली. आमचे अक्षर वळणदार, म्हणून वेशीवरील फळा लिहिण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही ठळक अक्षरांत लिहिले, ‘बाहेरच्यांस गावबंदी.’ दुसऱ्याच दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी, कडेवर लेकरू घेऊन, त्या फळ्यापाशी थबकला. ‘गुरुजी, आम्ही बाहेरचे केव्हा झालो?’ एवढेच तो बोलला. आमची मान खाली गेली.

आम्ही फळा पुसला आणि नव्याने लिहिले, ‘परत आलेल्या आपल्या माणसांनी चौदा दिवस शाळेत राहावे. जेवण गाव देईल.’ खबरदारी तीच राहिली, शब्द तेवढा पालटला. काल दुरूनच हटकणारे त्या संध्याकाळी भाकरी घेऊन आले.

जाहीर शब्दाचे हे सामर्थ्य नवे नाही. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. मराठी तरुणांची नोकरीची निकड खरी होती. परंतु याद्या वाचता वाचता शेजारचा माणूस प्रतिस्पर्धी भासू लागला. याउलट, ८ मे २०२० रोजी, आपल्या मनमाड-परभणी लोहमार्गावरच, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडनजीक मालगाडीखाली सापडले. तोवर ‘परप्रांतीय मजूर’ हा केवळ आकडा होता. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र पाहिले, तेव्हा घरोघरी डोळे पाणावले.

बांधवहो, आज फळा प्रत्येकाच्या खिशात, भ्रमणध्वनीत आहे. आपली मुले पुण्यास, हैदराबादेस परकी म्हणूनच उतरतात. तेथे त्यांना जो शब्द ऐकावयास मिळावा असे आपणांस वाटते, तोच आपल्या दारी आलेल्या मजुरास आपण द्यावा. कोणाविषयी चार ओळी पुढे धाडण्यापूर्वी, तो मनुष्य समोर उभा राहून वाचत आहे असे समजावे.

आमचा तो विद्यार्थी आजही भेटतो, नमस्कार करतो. त्याने केव्हाच क्षमा केली. आम्हांस मात्र तो फळा विसरता येत नाही.