मुलांचा रियाज आणि पालकांची घाई
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



मी गवई नव्हे. शाळेत मुलांना शिकविणे हा माझा व्यवसाय. तेव्हा रागदारीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जी मुले सायंकाळी गाण्याच्या वर्गाला जातात, तीच सकाळी माझ्यासमोर बाकावर बसतात. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्या वडोदऱ्याला गाण्याचे अगत्य नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली. घराण्याच्या उंबरठ्याआड असलेली विद्या सामान्यांच्या मुलांना स्वरलिपीच्या साहाय्याने शिकता यावी, ही त्यांची तळमळ. ती शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विद्याशाखा होऊन नांदते आहे. उस्ताद फैयाज खाँसाहेबांसारखा गवई याच दरबारात होता. अशा गावात मुलाला गाणे शिकवावे असे आईबापांना वाटले, तर नवल नाही. नवल वाटते ते आपल्या घाईचे.

‘रियाज’ आणि ‘तालीम’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी. पहिल्याचा अर्थ कसरत, सराव, दुसऱ्याचा शिक्षण. मराठीने तर तालमीला थेट आखाड्यात नेऊन बसविले. आता, आखाड्यातला जाणता वस्ताद आठ वर्षांच्या पोराकडून पहिलवानाइतके जोर काढून घेतो काय? अंग मेहनतीने जितके वाढते, तितकेच विसाव्याने वाढते, हे तो जाणतो. गळा हेही अंगच आहे, आणि मन तर त्याहून नाजूक.

पालक हिशेब मांडतात तो असा: आठव्या वर्षी प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, आणि चौदाव्या वर्षी मुलगा विशारद! हिशेब चोख आहे. फक्त त्यात मूल धरलेले नाही. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांबतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कालपर्यंत सहज लागणारा तारषड्ज आज लागत नाही. ही शरीराची वाढ आहे, आळस नव्हे. अशा काळात पट्टी उतरवावी, मंद्र व मध्य सप्तकात हलके गावे, ताना बाजूला ठेवाव्यात. वाटल्यास काही महिने तबल्याकडे किंवा पेटीकडे वळावे. पण नेमकी तेव्हाच मोठी परीक्षा डोक्यावर असते, तीही शाळेच्या परीक्षांसोबत. मूल जुन्याच पट्टीत ओढून गाते, गळा बसतो आणि मग गाणेच नकोसे होते.

माझ्या वर्गातील एका मुलाची गोष्ट सांगतो. डबा खातानाही तो बोटांनी बाकावर ठेका धरी. पुढे परीक्षेच्या वर्षी बोटे थांबली. वर्गाच्या दिवशी पोट दुखू लागले. पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला, आणि त्यानंतर तबल्याला त्याने हात लावला नाही. घरात प्रमाणपत्र आले आणि तबला गेला. हा सौदा कोणाच्या फायद्याचा?

थकव्याची खूण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मूल न सांगता गुणगुणत असे, ते गुणगुणणे थांबले की समजावे. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

उपाय साधे आहेत. लहान मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पण ती ठरल्या वेळी, ताजेपणी असावीत. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. पलटे झाल्यावर शेवटी त्याच्या आवडीचे एक गाणे म्हणू द्यावे. “किती वेळ बसलास?” असे विचारण्याऐवजी “आज नवे काय शिकलास, मलाही शिकव” असे म्हणावे. पाहुण्यांपुढे उभे करण्याआधी त्याची इच्छा विचारावी, आणि तो नको म्हणाला तर मोबाईल खिशात ठेवावा. शेजारच्या मुलीशी तुलना करू नये. घरात गाणे ऐकत बसावे. आईबाप ऐकत नाहीत त्या घरात मुलाने एकट्याने का गावे?

आणि सोडतो म्हणाला तर? रागावू नये, लगेच होही म्हणू नये. गुरुजींना भेटावे. कंटाळा गाण्याचा आहे, परीक्षेचा आहे की वेळेचा, हे शोधावे. पुष्कळदा गाणे निर्दोष निघते.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आपली संस्था गरजू मुलांच्या संगीतवर्गाची फी भरते, हे मोठे पुण्याचे काम आहे. परंतु दरवर्षी परीक्षा उत्तीर्ण झालीच पाहिजे, नाहीतर मदत बंद, अशी जी अट आहे तिचा फेरविचार व्हावा. सुखवस्तू घरचे मूल एक वर्ष थांबू शकते; ज्याची फी आपण भरतो त्याला थांबण्याची मुभा नाही. आवाज फुटण्याचे दिवस मात्र दोघांनाही सारखेच येतात. परीक्षेऐवजी उपस्थिती आणि गुरुजींचा अभिप्राय पाहावा, आणि एक वर्ष परीक्षा न दिल्यास मदत चालू ठेवावी. त्रितालाच्या सोळा मात्रांत नववीवर खाली येते. तेथे टाळी नसते, पण ताल चालूच असतो. मुलाच्या शिक्षणातही एखादी खाली आपण मोजून घ्यावी.