गिरणीच्या छपरातील त्रिकोण



त्रिकोणाचे प्रकार मुलांना तोंडपाठ असतात. परंतु फळ्यावरील आकृती जरा फिरविली की उत्तर डळमळते. काटकोन खाली, डाव्या कोपऱ्यात असला तरच तो काटकोन, अशी त्यांची समजूत झालेली असते. हा दोष मुलांचा नव्हे. आकृती नेहमी एकाच ठेवणीत काढली जाते, त्याचा हा परिणाम होय.

येथे परळ-लालबागच्या कापडगिरण्या उपयोगी पडतात. कोकणातील व घाटावरील कित्येक घरांतील वडीलधारी माणसे तेथे कामाला होती. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या. तथापि त्यांच्या छपरांची छायाचित्रे मिळतात. ही छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत. दात्याची उत्तरेकडील बाजू उभट व काचेची, दुसरी लांब व उतरती. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेकडून उजेड येई, पण मागावर ऊन पडत नसे.

आता काचेच्या बाजूचा पायाशी ६० अंशांचा व दुसऱ्या बाजूचा ३० अंशांचा कोन धरावा. माथ्याशी किती उरले? १८० वजा ९०, म्हणजे ९०. काटकोन येथे चक्क माथ्यावर बसला आहे! पुठ्ठ्याचा असा त्रिकोण कापून तो हातात फिरवीत प्रत्येक वेळी काटकोन दाखविण्यास सांगावे.

याउलट गिरगावातील जुन्या चाळीचे किंवा गावातील घराचे कौलारू छप्पर. दोन्ही उतार सारखे, प्रत्येकी ३० अंशांचे धरले, तर आढ्याशी १२० अंश होतात. हा त्रिकोण समद्विभुज की विशालकोन? दोन्ही. पहिले नाव बाजूंवरून पडले, दुसरे कोनांवरून. गिरणीचा दाता तसाच विषमभुजही आहे आणि काटकोनही. सहा नावे एका दमात पाठ करून घेतल्याने हा भेद बुजतो. म्हणून दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत. समभुजाला मात्र कोनांच्या बाबतीत निवड नाही, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचाच.

१८० ही संख्या नुसती सांगू नये. प्रत्येक मुलाने कागदाचा हवा तसा त्रिकोण कापावा, तिन्ही कोपरे फाडून त्यांची टोके एका बिंदूशी जुळवावीत. खालची कड सरळ रेषेत येते. मग दोन विशालकोन असलेला त्रिकोण काढण्यास सांगावे व मुलांना खुशाल खटपट करू द्यावी.