गिरणगावातील मोकळी जमीन



मुंबईत गरिबाच्या घराला जागाच नाही, असे इतक्यांदा सांगितले गेले आहे की आता बेघरालाही ते पटू लागले आहे. जागा होती. गिरणगावात, शहराच्या ऐन मध्यावर, रेल्वे स्थानकांलगत सुमारे ६०० एकर होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: मैदाने-उद्यानांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेला मालकाला. नियम काही क्रांतिकारक नव्हता. परंतु शहराचा हक्क त्यात मान्य होता.

२००१ मध्ये दुरुस्ती आली. वाटणी आता सबंध जमिनीची नव्हे, केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची! साचेखाते, गोदामे, धुराडी यांनी भरलेल्या आवारात मोकळी जमीन ती कितीशी असणार? शेड पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरविला. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्जदार लाखाच्या वर.