विहिरीपासून घरापर्यंत : नळाची निवड आणि चराची खोदाई



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची तहान मुख्यत्वे उल्हास नदी आणि बारवी धरण भागवितात. तरीही जुन्या वाड्यांतील व भोवतालच्या गावांतील विहिरींचे मोल ओसरलेले नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित स्थायिक झाले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कारखाने आले, वस्ती दाटली आणि गटारे विहिरींच्या जवळ सरकली. त्यामुळे विहिरीचे पाणी घरात आणणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर कुटुंबाच्या आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

प्रथम नळाचा विचार करावा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ मार सोसतो; परंतु ओलसर, क्षारयुक्त जमिनीत तो कालांतराने गंजतो. पी.व्ही.सी. नळ गंजत नाही व स्वस्तही पडतो; मात्र उन्हात उघडा राहिल्यास ठिसूळ होतो. पॉलिथिनचा काळा नळ वेटोळ्यात मिळतो. त्यात सांधे कमी, म्हणून गळतीची ठिकाणेही कमी. पी.व्ही.सी. नळावर भारतीय मानक ४९८५ आणि पॉलिथिनच्या नळावर ४९८४ हा क्रमांक पाहूनच खरेदी करावी. काटकसरीपोटी बारीक नळ घेऊ नये. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून नेले, तर घर्षण सुमारे ३२ पट वाढते आणि नळात वाचलेला पैसा विजेच्या बिलात जातो.

पंप जमिनीवर असेल, तर तो व्यवहारात ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. पाण्याची उन्हाळ्यातील पातळी मोजूनच त्याची जागा ठरवावी.

चर पावसाळ्यापूर्वी खणावा. मार्ग शक्यतो सरळ असावा आणि शौचकूप व गटार यांपासून ३ मीटर दूर असावा. गटार ओलांडणे अटळ असेल, तर पाण्याचा नळ गटाराच्या किमान अर्धा मीटर वरून न्यावा व त्या टप्प्यात सांधा ठेवू नये. पंप बंद झाल्यावर नळातील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत शिरते. कावीळ व हगवणीचे मूळ अनेकदा अशाच एखाद्या सांध्यात असते.

वाहने जातात तेथे नळावर सुमारे ३ फूट माती हवी. या भागात मुरमाखाली लवकरच काळा कातळ लागतो. खोली मिळत नसेल, तेथे नळ लोखंडी नळकांड्यातून नेऊन वर काँक्रीट घालावे. चराच्या तळाशी बारीक वाळू पसरावी. टोकदार दगडावर टेकलेला नळ तेथेच फुटतो. पाणी सोडून प्रत्येक सांधा तपासल्याखेरीज चर बुजवू नये. पी.व्ही.सी. नळ उष्णतेने लांबतो. म्हणून तो किंचित सैल ठेवून सकाळच्या गारव्यात माती लोटावी.

अखेरीस शुद्धीकरण. दर १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते. २ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ९,४०० लिटर भरते. त्यास २४ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडावे व एक तासानंतरच पाणी वापरावे. २६ जुलै २००५ सारखा पूर विहिरीत शिरला, तर आधी उपसा करून मगच हे करावे.

ब्लीचिंग पावडर रोगजंतू मारते. रसायने काढीत नाही. वालधुनीच्या पात्रात वर्षानुवर्षे कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. तिच्या काठच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज पिण्यास वापरू नये.

पंचायत सदस्यांनी नवी गटारे आखताना जुन्या विहिरींची नोंद ठेवावी आणि शिक्षकांनी विहिरीतील पाणी मोजण्याचे गणित वर्गात करून घ्यावे. चर एकदा बुजला की आतील चूक डोळ्यांस दिसत नाही. ती दिसते घरातील आजारपणात. म्हणून माती लोटण्यापूर्वीचा एक तास सर्वांत मोलाचा समजावा.