डबी उघडण्याआधी



तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बारीक चाळून डबीत भरायची. पहाटे चूल पेटवण्याआधी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. ही मिश्री, कुणी मशेरी म्हणतं. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढ धूर न होणारी तंबाखू घेत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा कसा पोचणार?

निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं, जरा तरतरी येते. ती ओसरली की बेचैनी सुरू होते आणि ती घालवायला पुन्हा डबी. कर्करोगाचं भय घातलं की बाया मान डोलावतात, अन् संध्याकाळी पुन्हा मिश्री लावतात. त्यांना धोका कळत नाही, असं मी मानत नाही. मिश्री लावली की दाताचा ठणका दबतो, सकाळपासून पोटात काही नाही हे विसरायला होतं, कुणाचं बोलणं मनाला लागलं असेल तर तेही मागे पडतं. दाढ मात्र आतून किडतच असते.

म्हणून माझ्या बहिणींनो, तलफ आली की हात डबीकडे जाण्याआधी थोडं थांबा. आत्ता नक्की काय होतंय? भूक लागलीय, कंबर भरून आलीय, की राग आलाय? जे असेल ते स्वतःशीच बोला. चूळ भरा, दारापर्यंत चालून या. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत उतरतो. पुन्हा येईल, पुन्हा उतरेल.

मिश्री सुटली की इतके दिवस दाबलेलं सगळं वर येतं, आणि ते एकट्या बाईनं निस्तरायचं नसतं. घरातल्या पुरुषांनो, तिची दाढ दंतवैद्याला दाखवा. शेतावर जाण्याआधी तिच्या पोटात भाकरी गेली का, ते बघा. पहिले काही आठवडे ती चिडेल, झोप उडेल. शरीर निकोटीन मागत असतं. तेव्हा तिला टोचून बोलू नका. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडे सोडायला मदत करणारी माणसं असतात. तिला एकटीला जमत नसेल, तर तुम्ही फोन लावून द्या.