किनाऱ्यावरचे जहाज

सुपेला आणि समुद्र यांचे वरकरणी काहीच नाते नाही. भिलाईच्या या गजबजलेल्या वस्तीजवळून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. त्याचे एक टोक समुद्रावर, दुसरे हुगळीच्या काठी. मधल्या माणसाला लाटा पाहावयास मिळतात त्या सिनेमात. तरीही भिलाईचे लोखंड समुद्रावर गेलेले आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी पोलादाचे पत्रे ज्या कारखान्यांनी पुरविले, त्यांत भिलाईचा कारखाना होता. लोखंडामागून येथील एखादा मुलगाही नौदलात जातो, यात मग नवल ते काय?

हा मुलगा प्रथम पोहोचतो तो ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठी, ‘आय. एन. एस. चिल्का’ या प्रशिक्षण केंद्रात. तेथे गेल्यावर त्याला पहिला धक्का बसतो तो भाषेचा. पायाखालची फरशी म्हणजे ‘डेक’, स्वयंपाकघर म्हणजे ‘गॅली’, आणि सुट्टीच्या दिवशी फाटकाबाहेर पडणे म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणे’. वास्तविक तो किनाऱ्यावरच उभा असतो! परंतु नौदलाची जमिनीवरील ठाणीही जहाजाचे नाव धारण करतात आणि त्यांतील माणसांनी जहाजावर असल्याप्रमाणेच वागावे, असा दंडक आहे. ही प्रथा ब्रिटिश आरमाराकडून आली. आरंभी ती पोरखेळासारखी वाटते. तिच्यातील शहाणपण पुढे खऱ्या जहाजाच्या अरुंद जिन्यावर उमगते.

बराकीत प्रत्येकाच्या वाट्याला एक खाट आणि एक कपाट येते. तेवढ्यात सारा संसार. पांघरुणाची घडी, गणवेशाची इस्त्री, बुटांची चमक, कपाटातील वस्तूंची मांडणी या सर्वांची तपासणी होते. एका घडीत चूक निघाली तर सबंध रांगेला पुन्हा आवराआवर करावी लागते. घरी पाण्याचा तांब्यादेखील जागेवर न ठेवणारा मुलगा पहिल्या रजेवर येऊन स्वतःची चादर काटकोनात घडी करतो, तेव्हा आईला कौतुक वाटते आणि थोडी काळजीही वाटते.

शेजारच्या खाटेवर केरळचा मुलगा, पलीकडे हरियाणाचा, समोर बिहारचा. कुणाला भात गळ्याखाली उतरत नाही, कुणाला पोळी. पहिल्या आठवड्यात दिवे मालवल्यावर बराकीत जी शांतता असते, ती झोपेची नसते. घरची आठवण लपविण्याची कला कोणी शिकवीत नाही. ती सर्वांना आपोआप येते.

कारखान्याच्या गावातील मुलाला एक गोष्ट मात्र परकी वाटत नाही, ती म्हणजे पाळी. जहाजावर पहारे चार-चार तासांचे असतात. सायंकाळी चार ते आठ या वेळेचे तेवढे दोन तुकडे करतात, म्हणजे मध्यरात्रीचा पहारा रोज एकाच्याच कपाळी येत नाही. वडिलांची रात्रपाळी पाहत वाढलेल्याला हा हिशेब चटकन कळतो.

तंत्रशिक्षणासाठी वाटा येथून फुटतात. विजेचे काम शिकणारे जामनगरच्या ‘वलसुरा’कडे जातात, यंत्रांचे शिकणारे लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त येतात. १९४५ साली स्थापन झालेले हे केंद्र ऐन घाटमाथ्यावर, धो धो पावसात उभे आहे. पंप, झडपा, डिझेल एंजिन, गॅस टर्बाइन असा त्यांचा अभ्यास. बराकीतील शिस्तीचा अर्थ येथे लागतो. एंजिनघरात जागेवर न ठेवलेला पाना जहाज कलताच घसरतो आणि फिरत्या यंत्रात किंवा माणसाच्या पायात जातो. जहाजाला भोक पडून पाणी आत घुसले तर काय करावे, याचाही सराव लोणावळ्यास कृत्रिम कप्प्यांत करविला जातो. जमीन हलते, पाणी छातीपर्यंत चढते, आणि लाकडाच्या पाचरी ठोकून भोक बुजवावे लागते. अशा वेळी शेजारचा कोणत्या प्रांताचा, हे कोण विचारतो? पाचर त्याच्या हातात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

परंतु हाच बराकीचा संसार विस्कटला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी लोणावळ्याचा घाट उतरून मुंबईत कुलाब्यास यावे लागेल. तेथील ‘तलवार’ हे संदेशवहनाचे शिक्षण देणारे केंद्र होते. तेथील नाविक लिहिते-वाचते, तंत्र जाणणारे तरुण होते. त्यांना मिळणारे अन्न निकृष्ट होते, गोऱ्या सहकाऱ्यांच्या मानाने वेतन व सवलती तुटपुंज्या होत्या, आणि त्यांचा प्रमुख कमांडर किंग त्यांना वर्णद्वेषी शिव्या देई. १९४६च्या फेब्रुवारीत बलाईचंद्र दत्त या नाविकाला भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली. १८ फेब्रुवारीच्या सकाळी नाविकांनी अन्न नाकारले व कामही नाकारले. दोन-तीन दिवसांत हे लोण मुंबई-कराचीतील जहाजांवर व ठाण्यांवर पसरले; सुमारे वीस हजार नाविक त्यात सामील झाले. २२ तारखेला गिरणी कामगार रस्त्यावर आले. गोळीबारात मुंबईत दोनशेंहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस नाविकांनी शरणागती पत्करली.

या उठावामागे स्वातंत्र्याची तहान होती, हे निर्विवाद. पण ठिणगी पडली ती भोजनगृहात, ही गोष्ट इतिहास लिहिणारे कधीकधी घाईने ओलांडून जातात. ‘तलवार’च्या मुलांना शिस्त नको होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. संप चालू असतानाही त्यांनी आपली समिती निवडली, अध्यक्ष नेमला, मागण्या क्रमाने मांडल्या. हे सारे बराकीनेच शिकविलेले होते.

२०२२पासून नौदलात येणारी मुले ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी येतात. त्यांपैकी फार तर चतुर्थांशच पुढे कायम होतात. मुलीही त्याच परेडमध्ये उभ्या राहतात. २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्याला पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन झाले, तेही सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या प्रकाशात. चार वर्षांचा हिशेब डोक्यात असताना शेजाऱ्याशी स्पर्धा करावयाची की त्याच्या खाटेची घडीही नीट करून द्यावयाची, हा प्रश्न या मुलांपुढे आहे. तो आधीच्या पिढ्यांपुढे इतका उघड नव्हता.

आणि भोजनगृहात आजही एक रीत आहे. मुलांच्या पानात पडणारे जेवण त्या दिवसाच्या जबाबदार अधिकाऱ्याने चाखून पाहावयाचे. मग तो मेजांमधून फिरतो आणि काही तक्रार आहे काय, असे विचारतो. कडेच्या मेजावरचा, चार महिन्यांपूर्वी आलेला मुलगा त्या वेळी मान वर करून खरे बोलू शकतो काय, हे बराक पाहावयास येणाऱ्याने आधी पाहावे. बुटांची चमक नंतर पाहिली तरी चालेल.