घाट चढताना पुढे कोण?

नवरा-बायको जोडीने बाहेर पडले की रस्त्यात पुढे कोण चालतं? आपल्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभ्या राहा, उत्तर मिळेल. बहुतेक वेळा तो दोन पावलं पुढे आणि ती पिशवी सावरत मागे. आज मी जोडीने केलेल्या सायकलप्रवासाबद्दल बोलणार आहे, आणि त्यात हाच प्रश्न सारखा येणार आहे.

सुरुवात एका जुन्या जोडप्यापासून करते. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन, दोघं अमेरिकेचे. विल्यम डॉक्टर, पण तब्येतीमुळे त्यांना व्यवसाय सोडावा लागला. फॅनी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आधी त्यांनी अल्जीरिया आणि स्पेन सायकलवर पाहिले. १८९७ च्या अखेरीस ती हिंदुस्थानात आली, तेव्हा फॅनी अडतीस वर्षांची होती आणि विल्यम पन्नाशीचे. पुढच्या दोन-अडीच वर्षांत दोघांनी हिंदुस्थान आणि आसपासच्या देशांत मिळून सुमारे १४ हजार मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर सायकल चालवली. सामान अगदी मोजकं होतं: चहा, साखर, बिस्किटं, डबाबंद मांस, उशी, एकेक ब्लँकेट, औषधं आणि पंक्चरचं साहित्य. एखाद्या दिवशी चाळीस-चाळीस पंक्चर काढावी लागत.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातला उकाडा सोसवेना, म्हणून ती दोघं काश्मीर-लडाखकडे गेली. तिथे सायकली बाजूला ठेवून चालू लागली आणि डोंगरांच्या प्रेमात पडली. १९०६ मध्ये फॅनी पिनॅकल पीकवर पोचली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. १९१२ मध्ये सियाचीनच्या बर्फात 'स्त्रियांना मताधिकार' असा मथळा असलेलं वर्तमानपत्र हातात धरून तिने फोटो काढून घेतला. तिच्या स्वतःच्या देशात सर्व राज्यांतल्या स्त्रियांना तो अधिकार मिळायला १९२० साल उजाडलं.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची कामाची वाटणी. हिमालयातल्या मोहिमांत एका वर्षी सगळी व्यवस्था विल्यम पाहत आणि मोजमापं, नोंदी फॅनी करी; पुढच्या वर्षी कामांची अदलाबदल. एक पुढारी आणि एक मदतनीस असं कायमचं ठरलेलं नव्हतं. त्यांचं सगळंच घेण्यासारखं नाही. ज्या हमालांच्या पाठीवर त्यांचं सामान डोंगर चढलं, त्यांच्याविषयी दोघांनी फार तुसडेपणाने लिहिलं आहे. ते सोडून द्यावं, पण पाळी बदलण्याची रीत घ्यावी.

ती आम्ही घेतली, त्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या यांची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यात विम्याचे कागद मागितले, आणि ते कुठे आहेत हे फक्त यांनाच माहीत, जे आत झोपलेले. यांना मात्र स्वतःच्या गोळ्यांच्या वेळा ठाऊक नव्हत्या, त्या फक्त मला पाठ. पंचवीस वर्षं अर्धं घर त्यांच्या डोक्यात आणि अर्धं माझ्या. त्या आठवड्यात मी खरी घाबरले.

पुढे डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली. वर्षभर सराव केला आणि मग हिवाळ्यात माळशेज घाटातून जुन्नरला जाऊन यायचं ठरवलं. येऊन-जाऊन दोनशेहून अधिक किलोमीटर, सवडीने, चार दिवसांत. अट एकच: एक दिवस निर्णय माझे, एक दिवस यांचे. ज्याचा दिवस, त्याने वाट, मुक्काम आणि पैसे बघायचे. दुसऱ्याने पाणी, खाणं, कपडे.

पहिला दिवस माझा. शहाड, रायता, मुरबाड, सरळगाव करत टोकावड्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. हे म्हणाले, "आजच घाट चढून टाकू." मी म्हटलं, "नाही, मुक्काम इथेच." तासभर आमचं बोलणं बंद होतं. पण दिवस माझा होता. संध्याकाळी यांनी दोघांचे कपडे धुऊन वाळत घातले, तेव्हा राग गेल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वैशाखऱ्याजवळ नानाचा अंगठा दिसतो. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता त्याच नाणेघाटातून होता. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. या वाटेवर बाईने आपली नोंद ठेवावी, ही रीत काही आजची नाही.

घाटात एक नियम पाळला: हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं. वेगवान माणूस पुढे गेला की मागचा त्याला गाठायला धापा टाकतो. पुढचा थांबून विश्रांती घेतो, आणि मागचा पोचला की लगेच निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. आमच्यात हळू कोण? मला वाटलं होतं मी. पण त्या दिवशी हेच पुढे राहिले आणि मी त्यांच्या मागे, त्यांचा श्वास ऐकत. चारदा उतरून चाललो. दिवस यांचा होता, तरी प्रत्येक वळणावर हे विचारत होते, "थांबू या का?" इतक्या वर्षांत एवढ्या वेळा मला कधी विचारलं नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर काही गोष्टी सांगते. पावसाळ्यात माळशेजला धुकं असतं, दरडीही पडतात, हिवाळाच बरा. तब्येतीची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ओढणी घरी ठेवा, साखळीत अडकते. ओझं पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बांधा. दर अर्ध्या तासाने पाणी, सोबत मीठ-साखर आणि शेंगदाण्याची चिक्की. उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका, सोडत-दाबत या आणि दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा. आणि पंक्चर काढायला दोघांनीही शिका.

घाट लांबचा वाटला तर घरातच सुरुवात करा. एक महिना विम्याचे, बँकेचे आणि विजेच्या बिलाचे कागद तुम्ही सांभाळा. औषधं, किराणा, डबे त्यांच्याकडे द्या. पुढच्या महिन्यात पाळी बदला. आमच्याकडे आता विम्याची फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते मला ठाऊक आहे, आणि रात्रीची गोळी हे स्वतः आठवणीने घेतात. तब्येतीमुळे डॉक्टरकी सोडलेले ते विल्यम वर्कमन नव्वद वर्षं जगले, हेही मी यांना अधूनमधून सांगत असते.